पिशवीतलं पांढरं

हॅलो?… हॅलो, हो… कोन, शामला?… अवं जोरात बोल, वार्डात गोंगाट हाये. थांब, व्हरांड्यात येतो… हं. बोल आता.

… डबा?… डबा ठेव बाजूले. आज डबा नको… नको म्हनजे नको. तिले सकाळपासून पानी भी नाही देऊन राहिले… ऐक ना आधी. बसली हाये का उभी?… तं बस. गॅस बंद कर आन बस.

… बसली?

पिशवी पांढरी झाली, शामला.

… हो. पुन्हा.

… अवं मी काय गंमत करून राहिलो? परवा तू आली होती तवा कशी होती पिशवी? तूच पाह्यली ना. फिक्या चहावानी, आन तळाले येवढंसं पानी. काल सकाळी तं डाक्टर मॅडम म्हनल्या, काका, असंच राह्यलं तं मानेतली ही पिशवीची नळी काढून टाकू, मावशीले घरी घेऊन जा. मी तुले तवाच फोन केला… हो, तोच. मी ढोल वाजवाचा बाकी होतो तवा. आन आज उठून पाह्यतो तं पिशवी टम्म. आत काय, तं खळ. आपले बाबा ताना मागावर चढवाच्या आधी तांदळाची खळ लावत होते ना? तश्शी. पांढरी फटक.

पलंगाची दांडी धरून उभा राह्यलो.

… तिले? तिले नाही दिसन का? तिच्याच मानेतून निघून राहिलं ते. तुझ्या वयनीनं माझ्याकडे पाह्यलं आन तोंड फिरवाले गेली, तं फिरलं नाही. पट्टी कशी आवळून बांधली हाये, तुले मालूम हाये.

… आल्या ना मॅडम. पिशवी हातात धरली, खिडकीपाशी नेऊन पाह्यली. तोंड एवढंसं झालं त्यांचं. मंग मोठ्या साहेबाले बोलावलं. दोघं इंग्रजीत बोलले. आता तू सांग, मराठी माणसं पेशंटसमोर इंग्रजीत कवा बोलते?… हं. चांगलं असलं तं मराठीत सांगते.

… म्हनल्या, काका, आता वाट नाही पाहता येत. आज दुपारी मान पुन्हा उघडावी लागन.

… सही? केली. काय करत होतो मंग? पेन हातात देला, केली.

… काय म्हनते?… बरं झालं?… एकदाचं कापून मोकळं करा म्हनते?… तुझी मान हाये का ती?… अवं नाही, ओरडून नाही राहिलो. ओरडून नाही राहिलो मी! इथं सगळे माझ्याकडे पाहून राहिले… ऐक. तुले बरोबर समजलंच नाही. पुन्हा सांगतो, ऐक.

तिच्या गळ्याची गाठ काढली ना? ते तं नीट निघाली. पन मानेत डाव्या बाजूले अंगातलीच एक नळी असते. आपन तेल-तूप खातो, त्याचा रस त्या नळीतून रक्तात जाते… हो, मले भी कुठं मालूम होतं? मॅडमनं चित्र काढून दाखवलं. धाग्यावानी बारीक नळी. गाठ काढता काढता तिले चीर पडली. हजारात एखाद्याले होते म्हने. लॉटरीचं तिकीट घेतलं तं आपल्याले कवा काही लागत नाही, इथं बरोबर लागलं… तं तो तेलाचा रस रक्तात जाच्या ऐवजी पिशवीत येते. म्हनून दुधावानी दिसते. बाजूच्या पलंगावरची जिजाबाई, तिनं तं पहिल्या दिवशी हातच जोडले. म्हने बाईच्या मानेतून दूध निघते, अंगात देवी हाये. पुष्पा एवढ्या दुखण्यात हसली तवा.

… हो, मॅडम तवाच म्हनल्या. नळ गळाले लागला तं आपन आधी वरून पानी बंद करतो ना काका? तसं तेल बंद, तूप बंद, दूध बंद. सुया देऊ, पट्टी आवळून ठेवू, उशी उंच ठेवू. चीर आपोआप बुजते. मी म्हटलं, मॅडम, हा कोन्ता इलाज? हा तं उपास झाला. म्हने, हाच इलाज हाये, चाकू सगळ्यात शेवटी… आन बुजून राहिली होती ना वं! रोज कमी होऊन राहिलं होतं!

… आता उघडलं तं काय? तं ते नळी पान्यावानी असते म्हने, तिले रंगच नाही. ताण्यात एक धागा तुटला तं बाबा डोळे फोडून शोधत, आन तो तं दिसे तरी. हे रक्तामांसात शोधाचं. पहिल्या ऑपरेशननं आतलं सगळं चिकटलेलं. बाजूनं आवाजाची नस जाते, मोठी रक्ताची नस जाते. मॅडम स्वतः म्हनल्या, काका, मले भी तिथं दुसऱ्यांदा जाची हौस नाही. डाक्टरच भेऊन राहिल्या, तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?

… रडू नको… अवं रडू नको ना. तू रडली तं मी काय करू इथं?

… हो सिस्टर?… पुष्पलता निनावेचा? मीच. नवरा, गोपाळराव… बांगड्या? आत्ता?… डोरलं भी?… हो. काढतो. आलोच.

… सिस्टर होती. म्हनते काचेच्या बांगड्या काढा, डोरलं काढा, खाली ऑपरेशनले न्याची तयारी करा.

… थांब. फोन नको ठेवू. त्याच्या आधी मले एक सांग. मॅडमनं पुष्पाले विचारलं, मावशी, तेल, तूप, दूध काही खाल्लं का? तिनं हातानं नाही म्हटलं. मले विचारलं. मी छाती ठोकून सांगतलं, बाहेरचा दाना नाही तिच्या पोटात, डबा माझ्या बहिणीच्या हातचा. आता तू सांग. काल काय पाठोलं?… भात. बरं… वरन. फोडनी?… बिना फोडनीचं. दुधी?… उकडून. मीठ-हळद. आन भाकर… तव्याले तेल पुसलं होतं का?… नव्हतं. भाकरीले तूप?… शपथ कायले खाते, नुसतं सांग… नाही लावलं. बरं.

… नाही वं, तुझ्यावर संशय नाही. तू उमरेडचं घरदार सोडून इथं हुडकेश्वरले आमच्या घरी येऊन चूल सांभाळून राहिली, तुझ्यावर काहून संशय घेऊ? पन मंग ते पांढरं आलं कुठून? मी पलंगाखाली भी पाह्यलं, कोनी पेढा-बिढा ठेवून गेलं का… काही नाही.

म्हनजे चीरच मोठी झाली. दुसरं काय असन?

… चल, आत जातो. चालू ठेव फोन. खिशात टाकतो… नाही, ठेवू नको. फोनवर राहा नुसती.

… पुष्पा. हात दे… काही नाही, शामला हाये फोनवर. तू बोलू नको, मॅडमनं मना केलं हाये… साबन लावतो, मंग सरकतीन… दुखते?… हात सुजला तुझा सुईनं… झालं, झालं, एकच राह्यली… निघाली… आता ह्या कुठं ठेवू? खिशात फुटतीन… काय?… कप्प्यात? कप्प्यात डबी?… हे छोटी?… रिकामी नाही वं हे, काही तरी हाये यात… काय व्हय हे? भुकटी?

… हॅलो, शामला? हाये ना? एक स्टीलची डबी हाये इथं, झाकनाची, येवढीशी. आपल्या घरची हाये का?… तूच पाठोली?… चटनी?… कायची चटनी?

…

जवसाची.

… हो. आइकलं मी… तेलाचा थेंब नाही टाकला. हो… कोरडी भाजली, मीठ, मिरची, लसून, कुटली. आइकलं… शामला, थांब. एक मिनिट थांब. मले सांग, बाबा दिवाळीच्या आधी घानीवर पोतं घेऊन जात होते, ते कायचं?… जवसाचं. आन घानीतून काय निघे?

… पेंड नाही, आधी काय निघे?

… तेल निघे, शामला. त्या तेलातले भजे खाल्ले आपन.

… नाही… नाही, रागावलो नाही. रागावाले अंगात जोर नाही माझ्या. सांग, कवा पाठोली?… कालच्याच डब्यात? त्याच्या आधी नाही?… काहून पन?… तिनं मागतली?… हो, तोंडाले चव नाही, ते तं मले भी रोज म्हने… आन मी सांगतलं? मी काय सांगतलं?… हं… पिशवी साफ झाली म्हनून सांगतलं मी, म्हनून तू खुशीत कुटली.

… पुष्पा, खाल्ली तू हे?… मान नको हलवू, बोटानं सांग… दुपारी?… रात्री भी?… किती राह्यली, हे येवढीच?… मंग मॅडमनं विचारलं तवा काहून नाही सांगतलं?… काय?… हळू, हळू, कान जवळ आनतो…

… हं.

… शामला, तुझी वयनी म्हनते, मॅडमनं तेल विचारलं, चटनी कुठं विचारली.

… हसू नको, मले हसू येऊन नाही राहिलं. रडू नको भी. मले विचार करू दे. म्हनजे चीर मोठी नाही झाली, असं असू शकते ना? म्हनजे हे पांढरं चटनीचं हाये?… काय मालूम! मी काय डाक्टर हाये? पन सांगाले तं पायजे… मॅडम कुठं हाये?… अवं आले! स्ट्रेचर घेऊन आले ते!

ओ भाऊ! थांबा! थांबा गा, थांबा!… नाही, उचलू नका तिले… सही केली ती मले मालूम हाये, मीच केली ना. ती राहू द्या… तुमी हात काढा आधी तिच्या पाठीखालून!… सिस्टर! सिस्टर, मॅडमले फोन लावा… आत्ता लावा… खाली भेटतीन नाही, इथं पायजे. एकदा खाली गेली तं मंग माझं कोन ऐकन?… मी पागल नाही सिस्टर. हे डबी पाहा. वास घ्या… जवस. हे खाल्लं तिनं काल, दोन्ही वेळा… हो, लावा. लावा बापा लवकर.

… हॅलो, शामला… काय?… ठेवतो म्हनते? काहून ठेवते?… पोलीस? अवं चटनीसाठी पोलीस कायले येतीन?… मॅडम रागावतीन तं रागावू दे. खबरदार फोन ठेवला तं! त्या चटनीत काय टाकलं, किती टाकलं, तुझ्याशिवाय कोनाले मालूम हाये? पुष्पाले बोलता येत नाही, मले सैपाकातलं कळत नाही. तूच हाये… हो, घाबरली असशीन. मी भी घाबरलो. दोघं मिळून घाबरू, पन फोनवर राहा.

… हो भाऊ, समजते मले, तिकडं टेबल तयार हाये. दोन मिनिटं उभे राहा ना. माझ्याकडे असे काहून पाह्यता?… 

… आल्या, आल्या. मॅडम! मॅडम, इकडं… हो, मीच थांबवलं, त्याहीची चूक नाही… हे डबी… नाही, तेल नाही खाल्लं तिनं, ते खरंच बोलली… जवसाची चटनी मॅडम. मले आता बांगड्या ठेवाले डबी उघडली तवा दिसली… ही माझी बहीण, फोनवर हाये. विचारा तिले… मी विचारू? बरं.

शामला, मॅडम विचारून राहिल्या, चटनी किती होती?… म्हनते मॅडम, दोन मुठी जवस… नाही, बाईची मूठ, बारीक हाये ते… आधी कवा दिली होती का?… खरं सांग… कालच पहिल्यांदा, मॅडम. त्याच्या आधी नाही… आनखी काय टाकलं त्यात?… मीठ, मिरची, लसून… आन?… आन काय? मोठ्यानं बोल… तीळ.

… तीळ भी होते म्हनते मॅडम.

… किती?… थोडेसे म्हनजे किती वं? मॅडम उभ्या हाये इथं!… अर्धी मूठ… खोबरं? दाने?… नव्हते? आठव… नव्हते, मॅडम. घरात खोबरं नव्हतं म्हनून नाही टाकलं म्हनते. असतं तं टाकलं असतं.

… हो… हो मॅडम…

… शामला, मॅडम डबी घेऊन बाहेर गेल्या. साहेबाले फोन लावून राहिल्या… दिसून राहिल्या मले काचेतून… डोक्याले हात लावला… अवं कसं आइकू येईन? काच हाये मधात… स्ट्रेचर इथंच हाये. दोन्ही पोरं भिंतीले टेकून उभे हाये. पुष्पा डोळे मिटून पडली… हो, हात धरला हाये मी तिचा. गार हाये.

… साहेब नाही म्हनले तं? म्हनले, चटनीनं एवढं होत नाही, चीरच मोठी झाली, आना खाली, तं?… मंग काय करू? मंग तं हात सोडावाच लागन.

… काही बोल ना… नाही, नको बोलू. तू देवाचं नाव घेऊन राहिली का? आइकू येऊन राहिलं… घे. हळू घे, मले मॅडमच्या तोंडाकडे पाहाचं हाये… अजून बोलूनच राहिल्या… मान हलवली. हो म्हनून हलवली का नाही म्हनून, काही समजलं नाही… ठेवला. ठेवला त्याहीनं फोन. आल्या. चूप बस, चूप!

… हो मॅडम… हो… हो… म्हनजे आज नाही?… हो… तोंडानं काहीच नाही, बरं… सलाईनमधूनच… पानी भी नाही… हो… आन सकाळी?… हो… आन नाही कमी झालं तं?

… हो. समजलं मॅडम.

…

शामला.

… हाये, हाये मी. इथंच हाये. बसलो जरा.

आज नाही नेत तिले.

… चाललं स्ट्रेचर. रिकामं चाललं. चाकाचा आवाज आइक, आला?… अवं पन नाचू नको, टळलं नाही ते. थांबलं. मॅडम म्हनल्या, चटनीचंच असन असं वाटते, पन लिहून नाही देऊ शकत. उद्या सकाळपर्यंत पोट एकदम रिकामं ठेवू, सुई वाढवू, पिशवीवर नजर ठेवू. रंग उतराले लागला तं चाकू नाही. नाही उतरला तं…

… हो. मंग सकाळी पहिला नंबर तिचा.

… नाही रागावल्या. कोनालेच नाही. म्हनल्या, मी तेल-तूप म्हटलं, जवस-तीळ नाव घेऊन सांगाले पायजे होतं. माझी भी माय जवसाची चटनी करते म्हने… खरंच म्हनल्या. मंग जिजाबाईले भी विचारून घेतलं, तुमी काही चटनी दिली का मावशीले? म्हातारी एवढी घाबरली, गादीखालून काढून लोनच्याची बरनी दाखवली. म्हने मी नाही देली, मीच खाते.

… आता हस. आता चालते.

… तू? तू ये. शेजारच्या अंकुशच्या ऑटोत बस आन ये… डबा नको आनू! काहीच नको आनू. केळ भी नको, साबुदाना भी नको, अंगारा भी नको. दोन हात घेऊन ये नुसती… काय तोंड दाखवू म्हनते? जे हाये तेच दाखव. ते तुझीच वाट पाहून राहिली. मले इशारा करून राहिली, शामलाले रागावू नका म्हनून… हो, ते इशाऱ्यानंच रागावते मले.

… भेव तं वाटूनच राहिलं वं. मघाशी हात-पाय हलवाले काही तरी होतं. डबी होती, तू होती, स्ट्रेचरवाले होते. आता काहीच नाही कराचं. बसाचं आन पाहाचं. हे बसनंच कठीण हाये. चाकू तं एका घडीत होते, हे थेंब थेंब पाहाचं…

… पिशवी? पांढरीच हाये अजून. एवढ्यात कुठं… हो, मी पाहून राहिलो. दर मिनिटाले पाह्यतो. एक थेंब आला तं तो पहिल्यापेक्षा फिका हाये का तसाच, काही ओळखू येत नाही. डोळे दुखाले लागले…

… काय वं पुष्पा? काय पायजे?… टॉवेल? हा घे… अवं पिशवीवर कायले टाकते?… 

… शामला, तिनं पिशवीच झाकून टाकली. म्हनजे मी पाहू नये म्हनून. मी कोपरा उचलाले गेलो तं हातावर मारलं… हो, सुई असलेल्याच हातानं! 

… बरं, बरं. नाही पाहत. नाही पाहत बापा, बसलो मी. हात वर केले, पाह्य.

… हळू बोल, शामला… डोळे मिटून राहिली वाटते ते… मिटले… नाही, अजून एक डोळा उघडा हाये… हं. आता मिटला. थांब जरा… श्वास लागला झोपेचा… ठेव तू. ठेव, ठेव. आवाज होते. कोपरा उचलून पाह्यतो.